आतली माया

जुन्या कपड्यांच्या ढिगात शेवटी उरतो तो मोठ्या मापाचा शर्ट. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईत फूटपाथवर पसरलेल्या चादरींवर, तालुक्याच्या आठवडी बाजारात कडेला लावलेल्या हातगाडीवर, कुठंही पाहा. सकाळी आलेलं गिऱ्हाईक आपल्या अंगाला येईल ते उचलून नेतं आणि ऊन उतरेपर्यंत गाडीवर डबल एक्सेल, ट्रिपल एक्सेल तेवढे राहतात. कापड उत्तम, कॉलर शाबूत, बटणं जागच्या जागी, पण घेर असा की आत आणखी एक माणूस मावेल. विकणारा तो झटकून स्वतःच्या छातीला लावून दाखवतो, भाव आणखी उतरवतो आणि म्हणतो, "घ्या ना ताई, अल्टर करून घ्या."

अल्टर कोण करणार, हे तो सांगत नाही. नाक्यावरच्या शिंप्याला जुना कपडा नकोसा असतो, आणि त्याचंही बरोबर आहे. उसवण्यात वेळ जातो, दुसऱ्याच्या शिलाईत आपली शिलाई बसवावी लागते, आणि एवढं करून शर्टाच्या किमतीपेक्षा जास्त मजुरी सांगितली की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. लग्नसराईत तर तो असल्या कामाकडे बघतही नाही. मग काम घरी येतं, म्हणजे कपाटातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याकडे, ज्यात बिस्किटं कधीच नसतात.

जुना कपडा घ्यायचाच असेल तर आपल्या मापापेक्षा मोठा घ्यावा, असं माझं मत आहे. ढगळ कपड्यांची सध्या फॅशन आहे, पण माझं कारण ते नाही. कारण शिलाईच्या आत आहे.

आपल्याकडे कपडा मोठा असणं हा दोष कधीच नव्हता. जूनमध्ये शाळेचा गणवेश शिवायला टाकताना आई शिंप्याला एवढंच बजावायची, वाढत्या अंगाचं शिवा. मग शर्टाच्या अर्ध्या बाह्या कोपराखाली लोंबायच्या, हाफपँट गुडघे झाकायची आणि फ्रॉकच्या घेराला खालून चार बोटं वर एक आडवी चुणी घातलेली असायची. बघणाऱ्याला ती नक्षी वाटायची. पुढच्या जूनमध्ये ती उसवली की फ्रॉक लांब. उसवलेल्या जागी कापड मूळच्या रंगाचं आणि बाकीचं विटलेलं, त्यामुळे मुलगी वर्षभरात किती वाढली याचा गडद पट्टा सगळ्या वर्गाला दिसायचा. हौशी आया त्या पट्ट्यावर नागमोडी लेस लावून टाकत. थोरल्याचा शर्ट मधल्याला आणि मधल्याचा धाकट्याला, हा तर घराघरातला क्रम होता. धाकट्याच्या अंगावर पहिला नवा कपडा बहुधा मुंजीत किंवा थेट कॉलेजात चढायचा.

हे सगळं शक्य होतं, कारण शिंपी आत माया सोडत होता. पँटच्या मागच्या शिलाईत दीड-दोन इंच, खाली दुमडीत तीन इंच, बगलेत इंचभर. कपडा दोन्हीकडे हलू शकायचा. आत घेतला तर लहान, सोडला तर मोठा. ही सोय आज एकाच कपड्यात पुरती टिकून आहे, तो म्हणजे साडीवरचा ब्लाउज. कुठलाही शिवलेला ब्लाउज उलटा करून पाहा. बाजूच्या शिलाईत एकीला समांतर दुसरी, तिसरी टीप दिसेल आणि तिच्यापलीकडे इंच-दीड इंच कापड दुमडून ठेवलेलं असेल. बाळंतपण झालं, वजन वाढलं, बहिणीचा घालायचा ठरला, की आतली एक टीप उसवायची. साडीला तेवढंही लागत नाही. ती आजीची नातीला तशीच होते. अडतो तो ब्लाउज, म्हणून त्याच्यातच सगळी दूरदृष्टी भरलेली.

तयार कपड्याच्या कारखान्यात मायेला जागा नाही. तिथं शर्टाच्या दोन बाजू ज्या मशीनवर जोडतात, ज्याला आपल्याकडे इंटरलॉक म्हणतात, त्या मशीनला सुईच्या शेजारी पातं असतं. ते शिलाई पडतानाच बाहेर आलेलं कापड कापत जातं आणि कडेला दोऱ्याची जाळी विणून टाकतं. उरते ती जेमतेम अर्धा इंच पट्टी, पुष्कळदा त्याहूनही कमी. एका शर्टात वाचलेलं इंचभर कापड काहीच नाही, पण हजारो शर्ट एकावर एक थर लावून कापायचे असतात तेव्हा त्या इंचातून ठाणच्या ठाण वाचतं. कारखान्याच्या हिशेबात ते चूक नाही. त्याचा परिणाम मात्र असा, की तयार कपडा फक्त लहान करता येतो, मोठा करता येत नाही. जो आधीच घट्ट आहे त्याच्या आत सोडायला काही नाही. म्हणून हातगाडीवरचा तो नकोसा ट्रिपल एक्सेल, ज्याच्याकडे देण्यासारखं कापड आहे असा बहुधा एकटाच.

मोठी मापं एवढी येतात कुठून, हाही प्रश्न आहे. एक कारण एक्स्पोर्ट सरप्लस. परदेशासाठी शिवलेल्या मालातला जास्तीचा किंवा किरकोळ दोषाचा माल मुंबईच्या फॅशन स्ट्रीटसारख्या ठिकाणी उतरतो, आणि अमेरिकन लार्ज आपल्या लार्जपेक्षा ऐसपैस असतो. दुसरं कारण, आपल्याला आपलं मापच नाही. भारतीय शरीराची प्रमाणमापं ठरवायला 'निफ्ट' या फॅशन शिक्षणसंस्थेनं 'इंडियासाइझ' प्रकल्प हाती घेतला तो अगदी अलीकडे. मुंबईसह सहा शहरांत पंचवीस हजारांवर माणसांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घ्यायची, असा तो बेत. तोवर प्रत्येक कंपनीचा मीडियम वेगळा, हे दुकानाच्या ट्रायल रूममध्ये घामाघूम झालेल्या कुणालाही सांगायला नको. ऑनलाइन मागवलेले, न बसलेले, परत पाठवायचा कंटाळा केलेले कपडे मग एक दिवस दाराशी आलेल्या बोहारणीकडे जातात.

*

बोहारीण आता मोठ्या सोसायट्यांच्या फाटकातून आत येत नाही, वॉचमन येऊ देत नाही. पण जुन्या वाड्यांत, चाळींत, मध्यम गावांत तिची हाक अजून ऐकू येते. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, हल्ली तिच्यात प्लास्टिकचे टब आणि बादल्याही, आणि काखेत गाठोडं. सौदा उंबऱ्यावर बसून होतो. ती कापड उजेडाकडे धरते, काखेत आणि कोपरावर अंगठ्यानं दाबून पाहते, विरलेलं बाजूला काढते. "वहिनी, एवढ्यावर पातेलं नाही परवडत, वाटी घ्या." वहिनी एक पँट वाढवतात. पूर्वी जरीच्या साडीला मान होता, कारण खरी जर जाळली की चांदी निघायची. आता पुरुषांच्या पँटी आणि जीन्सना जास्त भाव आहे. साडी टिकते, पण ती नेसणाऱ्या बायका कमी झाल्यात. या मावशीच्या हातचं परीक्षण ज्यानं नीट पाहिलं त्याला जुन्या बाजारात कुणी फसवू शकणार नाही.

या धंद्यातल्या पुष्कळ जणी मूळच्या गुजरातच्या वाघरी समाजाच्या. हा समाज आता स्वतःला देवीपूजक म्हणवतो. गोळा केलेले कपडे त्या नुसते विकत नाहीत. धुतात, बटणं लावतात, फाटलं असेल तिथं टाके घालतात, इस्त्री करतात, आणि मग ते बाजारात जातात. दिल्लीत रघुबीर नगरची घोडा मंडी याच मालावर पहाटेच्या अंधारात भरते. अहमदाबादेत इला भट यांनी १९७१ मध्ये 'सेवा' ही कष्टकरी बायकांची संघटना उभी केली तेव्हा पहिल्या सभासदांत डोक्यावरून कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या बायकांच्या बरोबरीनं जुन्या कपड्यांचा धंदा करणाऱ्या बायका होत्या. आपली वेगळी संघटना काढावी, ही सूचनाच मुळात त्यांच्यातल्या एकीनं भर सभेत केली, असं संघटनेच्या इतिहासात नोंदलेलं आहे. आपण भांड्याच्या बदल्यात दिलेल्या शर्टामागे एवढी मोठी गोष्ट उभी आहे, हे आपल्या मध्यमवर्गाच्या गावी नसतं.

परदेशी जुन्या कपड्यांची वाट वेगळी. त्यांच्या गाठी मुख्यतः कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात उतरतात, तिथं हातांनी निवडल्या जातात आणि चांगला माल बराचसा पुन्हा जहाजात चढून आफ्रिकेकडे जातो. वापरलेले कपडे देशात विकायला आणण्यावर परवान्याचं बंधन आहे. चिंध्या म्हणून येणारे लोकरी कपडे मुद्दाम चिरफाडून आणावे लागतात, म्हणजे कुणी ते अंगावर घालू नयेत. ते जातात पानिपतला. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की १७६१ च आठवतं, पण कापडाच्या जगात ते गाव जुन्या लोकरीचं दळण करून तिच्यापासून सूत आणि स्वस्त ब्लँकेटं काढणारं म्हणून प्रसिद्ध आहे. भूकंपात, पुरात वाटली जातात ती करडी ब्लँकेटं पुष्कळदा तिथली. जुनी लोकर दळण्याची ही युक्ती मूळची यॉर्कशरमधल्या बॅटली गावची, १८१३ च्या सुमाराची.

आफ्रिकेत पोचलेल्या गाठींचं काय होतं, ते आपल्या विषयाला फार जवळचं आहे. घानाच्या आक्रा शहरातल्या कांतामांतो बाजारात, नैरोबीच्या गिकोंबा बाजारात कपडे विकणाऱ्यांच्या शेजारीच शिंपी मशीन मांडून बसलेले असतात. युरोप-अमेरिकेतल्या स्थूल माणसांच्या पँटी आणि शर्ट तिथल्या सडपातळ तरुणांना होत नाहीत. मग ते उसवून, कापून तिथल्या तिथं लहान केले जातात. इकडून पँट घ्यायची, दोन पावलांवर शिंप्याकडे टाकायची, चहा होईतो ती आपल्या मापाची. आपल्याकडे विकणारा आणि शिंपी यांची अशी शेजारजोडी जमली नाही. फॉल-पिकोची दुकानं मात्र गल्लोगल्ली आहेत, तेव्हा जमणार नाही असंही नाही.

*

आता प्रत्यक्ष शर्ट.

विकत घेतानाच तो उलटा करून पाहावा. काखेत कापड जाळीसारखं झालं असेल तर परत ठेवावा, कितीही गोड रंग असला तरी. ज्या जागी नवी शिलाई यायची तिथंच ते फाटणार. कॉलर झिजलेली असली तरी घाबरायचं कारण नाही. कॉलरची पट्टी उसवून, पान पलटून पुन्हा बसवली की झिजलेली बाजू खाली जाते. हे काम एकेकाळी घरोघर चालायचं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये कपड्यांचं रेशनिंग झालं, १९४१ मध्ये माणशी वर्षाला ६६ कुपनं मिळाली, आणि पुढं १९४३ मध्ये जुनं दुरुस्त कसं करावं याची पुस्तिकाच सरकारनं काढली. आपल्याकडे त्याच वर्षी कापडावर नियंत्रणाचा हुकूम आला आणि 'कंट्रोलचं कापड' हा शब्दप्रयोग घरात शिरला. इंग्रजांना पुस्तिका लागली. आपल्या आज्यांना ती कुणी दिली नव्हती.

घरी आणल्यावर आधी धुवायचा. सुती असेल तर गरम पाण्यात, साबण लावून, आणि कडक उन्हात वाळवायचा. स्वच्छतेसाठी हे आहेच, पण सुती कापड काय आटायचं ते आटून जाऊ दे, हाही हेतू. आधी शिवून मग धुतला तर माप पुन्हा बदलेल. मग इस्त्री. चुरगळलेल्या कापडावर घेतलेलं माप खोटं असतं, आणि नवशिक्याचं अर्ध्याहून जास्त काम इस्त्रीच करून देते. दुमड इस्त्रीनं आधी बसवली की टाका आपोआप सरळ पडतो.

यानंतर सुईला हात न लावता आरशासमोर उभं राहायचं आणि खांदा पाहायचा. शर्ट लहान करण्यातला सगळा निकाल खांद्यावर लागतो. खांद्याचं हाड जिथं संपतं तिथं बाहीची शिलाई यायला हवी. इंच-दीड इंच खाली उतरली असेल तर चालतं, ढगळपणा म्हणून खपतं. तीन इंच उतरली असेल तर बाजू कितीही आवळल्या तरी शर्ट उसना आणल्यासारखाच दिसणार. खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही पुरी काढायची, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, नव्यानं कापायचा आणि मोठ्या मुंढ्याची बाही लहान मुंढ्यात बसवायची. यात कसलेल्या शिंप्याचीही परीक्षा असते. घरी मी सांगेन ते एवढंच, की अशा शर्टाच्या बाह्या काढून टाका, मुंढा आत दुमडून शिवा, बिनबाह्यांचा घाला. किंवा तो बनियनवर जॅकेटसारखा उघडाच घालायला ठेवा. खांद्याशी भांडण नको.

खांदा ठीक असेल तर पुढचं सोपं आहे. मापाचा ब्लाउज शिंप्याकडे टाकतो, तसा आपल्या अंगाला नेमका बसणारा एक मापाचा शर्ट घ्यायचा. मोठा शर्ट उलटा करून, बटणं लावून टेबलावर किंवा जमिनीवर सपाट पसरायचा. त्यावर मापाचा शर्ट ठेवायचा, कॉलरचा मध्य कॉलरच्या मध्यावर, खांदा खांद्यावर. मग त्याच्या कडेनं खडूची रेघ, बाहीच्या कफापासून काखेपर्यंत आणि काखेतून खाली घेरापर्यंत, एकसलग. खडू नसेल तर झिजलेल्या साबणाची चकती उत्तम चालते. धुतली की गेली.

इथं हिशेब नीट समजून घ्यावा, कारण बहुतेकांचं गणित याच जागी चुकतं. सपाट ठेवलेल्या शर्टाच्या कडेपासून एक इंच आत टीप मारली तर पुढचा एक आणि मागचा एक असे दोन इंच जातात. दोन्ही बाजूंचे मिळून चार. छाती ४८ ची ४२ वर आणायची तर प्रत्येक कडेला दीड इंचच आत जायचं, सहा इंच घेर कमी होतो. आणि ४२ हे अंगाचं माप नव्हे, शर्टाचं. अंगाच्या मापावर चारेक इंचांची ढिलाई ठेवली नाही तर हात वर करताच बटणं ताणतील. दीड इंचापेक्षा जास्त आत जावं लागत असेल तर बाजूंवर सगळा भार टाकू नये. पुढचा खिसा काखेत घुसायला लागतो, चौकडीचं कापड असेल तर चौकटी वाकड्या जातात. उरलेलं पाठीतून काढावं. पाठीवर कंबरेच्या अंगाला दोन उभ्या चुण्या, ज्यांना शिंपी टक्स म्हणतात, मध्ये अर्धा इंच आणि दोन्ही टोकांना निमुळत्या होत शून्यावर गेलेल्या. पाठीचा फुगा जातो आणि समोरून शर्ट जसाच्या तसा दिसतो. नुसत्या या दोन टक्सनी निभावतं असे शर्ट पुष्कळ आहेत, मग बाजू उसवायचीही गरज नाही.

रेघेवर आधी हातानं कच्चा धावदोरा घालावा, लांब लांब टाक्यांचा, वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं. मग शर्ट सुलटा करून घालायचा, हात वर करायचे, खुर्चीत बसायचं, चपलेकडे वाकायचं. कुठं ओढतंय ते लगेच कळतं. कच्चा दोरा ओढून काढायला काही लागत नाही, म्हणून तो टाळण्याचा आळस करू नये. सगळं ठीक असेल तर पक्की टीप. मशीन असेल तर इंचाला दहा-बारा टाके. नसेल तर हातानं बखिया, म्हणजे एक टाका पुढं, सुई मागं, पुन्हा पुढं. बखियाची शिलाई मशीनच्या टिपेइतकीच टिकते, फक्त एक संध्याकाळ जाते. दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतला की गुंता होतो. कापडाच्या रंगाला नेमका जुळणारा दोरा मिळाला नाही तर एक छटा गडद घ्यावा. शिवल्यावर दोरा रिळावर दिसतो त्याहून फिका दिसतो.

काखेच्या वळणावर टीप झाल्यानंतर आतल्या कापडाला कात्रीनं दोन-तीन बारीक छेद द्यावेत, टिपेच्या अलीकडे थांबून, नाहीतर सुलटं केल्यावर काख ओढली जाते. आता बाहेर उरलेलं कापड. हात शिवशिवतो ते कापायला. माझं सांगणं, कापू नका. निदान पहिल्या धुण्यापर्यंत तरी नाही. आत दुमडा, कडेला हेमटाका घाला आणि राहू द्या. कारखान्यानं जी माया काढून घेतली होती ती आपण त्या शर्टाला परत देतोय. पुढच्या वर्षी अंग भरलं तर टीप उसवता येईल, किंवा हाच शर्ट आपल्यापेक्षा जाड भावाला देता येईल. फारच जाडा थर झाला आणि अंगाला टोचायला लागला तरच इंचभर ठेवून बाकीचं कापावं.

लांबी कमी करणं दिसतं त्याहून किचकट, कारण शर्टाचा घेर खाली वळणदार असतो आणि वळणावर दुमड बसत नाही. अगदी पाव इंचाची बारीक दुमड, इस्त्रीखाली, दोनदा. बाह्यांचं मात्र सोपं आहे. लांब बाही कोपराखाली कापून पाऊण बाही करावी. कापलेल्या तुकड्यातून कफ सुटतो, त्याची बटणं मिळतात, आणि कोपराला ठिगळ लावायला त्याच कापडाचा तुकडा हाताशी राहतो.

*

टी-शर्टला हे सगळे नियम लागू नाहीत. तो विणलेला असतो, ताणला जातो, आणि साध्या सरळ टिपेची शिलाई त्याच्याबरोबर ताणली जात नाही. डोक्यातून घालताना काडकन तुटते. झिगझॅग टाका देणारं मशीन आणि बोथट टोकाची सुई हवी. हातानं शिवायचं तर बखियाच, पण दोरा ढिला सोडून. एक सोय आहे. या कापडाच्या कडा उसवत नाहीत, नुसत्या गुंडाळल्या जातात. त्यामुळे मोठ्या टी-शर्टची बाही किंवा खालचा घेर नुसता कात्रीनं कापून तसाच सोडला तरी चालतं. आळशी माणसानं टी-शर्टपासूनच सुरुवात करावी.

कुर्त्याची बाजू घेताना खालचा कट सांभाळायचा. टीप कटाच्या टोकाशी जुन्या शिलाईला अलगद जाऊन मिळाली पाहिजे, नाहीतर तिथं गाठोडं होतं. जीन्सची कंबर मोठी असेल तर शिंपी मागचा पट्टा कापून मधली शिलाई आत घेतात, पण दोन इंचांहून जास्त घेतलं की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला येतात. घरी त्याहून सोपा मार्ग आहे. मागच्या पट्ट्याला आतल्या बाजूनं दोन बारीक चिरा द्याव्यात, सेफ्टी पिननं रुंद इलॅस्टिक ओवावं आणि दोन्ही टोकं पक्की शिवावीत. बेल्ट लावला की काही दिसत नाही. मशीनवर जीन्स घ्यायचीच तर १६ नंबरची सुई, आणि जिथं थरावर थर येतात तिथं पाय पायडलवरून काढून चाक हातानं फिरवायचं.

मशीन म्हणजे घरोघरचं काळं, सोनेरी अक्षरांचं, एकच सरळ टीप मारणारं. उषा किंवा सिंगर. लग्नात आलेलं, पुढं टीव्हीचं किंवा कुंड्यांचं टेबल झालेलं. शर्ट, कुर्ता, सलवार लहान करायला त्याहून जास्त काही लागत नाही. यंत्रांविषयी एवढं साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये एका संवादात सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद म्हणून गौरवलं होतं. सिंगरनं बायकोचे कष्ट पाहून ते बनवलं, अशी त्यांची समजूत होती. ते काही असो, आपल्याकडे मशीन बायकांचं आणि कात्री शिंप्याची, अशी वाटणी पक्की झाली. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुली पांढऱ्या चौकोनी तुकड्यावर धावदोरा, साखळी, हेम, काजटाका करून वहीत चिकटवायच्या आणि मुलं बाहेर वाफे खणायची. म्हणून आज पुरुषांचे शर्ट लहान करायची गरज सगळ्यात जास्त आणि ते काम येणारे पुरुष सगळ्यात कमी. ज्यांना पुढं शिकायचं आहे त्यांना झारापकरांची कटिंगची पुस्तकं आहेत. शिंपीकाम शिकणाऱ्या पिढ्या त्यांवर तयार झाल्या. पण मोठा शर्ट लहान करायला पुस्तक लागत नाही, आधी उसवायला शिकावं लागतं. जुना तयार शर्ट अर्ध्या ब्लेडनं पूर्ण उसवून त्याचे तुकडे जमिनीवर मांडून पाहिले की शर्ट कसा बनतो ते आयुष्यभर विसरत नाही.

राहिला कोट. थंडीच्या दिवसांत जुन्या बाजारात लोकरीचे कोट येतात, बहुतेक मोठेच, आणि मोह होतो. घरी त्याला हात लावू नये. छातीत आत कडक कापडाचा थर असतो, अस्तर वेगळं लटकतं, खांद्यात गादी भरलेली असते. एक शिलाई ओढली की सगळं रूप बिघडतं. तो चांगल्या शिंप्याकडेच द्यावा, आणि मजुरी कोटाच्या किमतीच्या दुप्पट सांगितली तरी कुरकुर करू नये. बाहीची लांबी तेवढी घरी कमी करता येते, मनगटाजवळची बटणं नुसती शोभेची असतील तर. काजं खरी कापलेली असतील तर तीही नाही.